हौसाबाईंच्या टाचेवरचा डाग

“पण बिब्बा घातला कुणी?” नेर्लेकर सरांनी विचारलं.

श्रीरंगला प्रश्नाचा रोख कळेना. तो आला होता शाबासकी घ्यायला. लॅपटॉपवर हौसाबाईंच्या टाचेचा फोटो होता. टाचेवर काळा डाग, कडा वेड्यावाकड्या. दवाखान्यातले बाकीचे डॉक्टर म्हणाले होते, त्वचेचा कॅन्सर असू शकतो, तुकडा काढून तपासायला पाठवा. एकट्या डॉक्टर श्रीरंग कानविंदेनं विचारलं होतं, “आजी, इथं कधी बिब्बा घातला होता का?” आणि आजी हो म्हणाल्या होत्या.

झालं. बिब्ब्याचं तेल कातडीत मुरलं की भिंगाखाली हुबेहूब कॅन्सरसारखं दिसू शकतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं तुकडा न काढताच हौसाबाईंना घरी पाठवलं. आता पुढच्या परिषदेत हीच केस मांडून सगळ्यांचे दात घशात घालायचे, असा बेत होता.

त्याला त्वचारोग शिकवणारे सर निवृत्तीनंतर गडहिंग्लजला राहत. काकू गेल्यापासून घरात आवाज म्हणाल तर पंख्याचा. श्रीरंगला बऱ्याच दिवसांत इकडे यायला सवड झाली नव्हती. आज झाली, कारण आज मिरवायला काहीतरी होतं.

“कुणी म्हणजे... घरच्यांनीच, सर. कुरूप झालं होतं. बिब्ब्याला सुई टोचून चटका देतात ना, तसं.”

“स्वतःच्या टाचेला स्वतः देता येतो?”

“नवऱ्यानं दिला म्हणाल्या.”

“त्यांना विचारलंस?”

“ते नाहीत. वारले.”

“कधी?”



“झाली असतील... सात-आठ वर्षं.”

सरांनी लॅपटॉप अलगद मिटला.

बिब्ब्याचा रंग कातडीच्या वरच्या थरात बसतो. टाचेची कातडी झिजत राहते, आणि काही आठवड्यांत रंग तिच्याबरोबर निघून जातो. हे सरांनीच त्याला शिकवलं होतं.

“व्रण असेल, सर,” तो घाईनं म्हणाला. “बिब्बा उतला असेल, फोड आले असतील. भाजल्याचा काळा डाग वर्षानुवर्षं राहू शकतो.”

“राहू शकतो.”

“मग?”

“वाढतो?”

श्रीरंगला आठवलं. हौसाबाई पाय लुगड्याखाली ओढून घेत हसून म्हणाल्या होत्या, “ह्यांच्या हातचा हाय बघा डाक्टर. बाकी समदं गेलं, ह्यो न्हाई गेला. उलट काळाभोर व्हायला लागलाय. पसराय बी लागलाय.” लेकाचं कौतुक सांगावं तसं सांगितलं होतं त्यांनी. घरात दुसरं माणूस नाही, निजताना त्या डागावर हात ठेवला की झोप लागते, असंही म्हणाल्या होत्या.

श्रीरंग तेव्हा हसला होता, आणि त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं.

त्यानं ते सगळं सरांना सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला.

“म्हणजे... कॅन्सरच?”

“तुकडा तपासल्याशिवाय मी सांगणार नाही,” सर म्हणाले. “तूही सांगायला नको होतंस.”

“आत्ता जातो. आजऱ्याच्या पुढं त्यांचं गाव आहे.” श्रीरंग उठला. दोन पावलं गेला, परत येऊन खुर्चीत बसला.

“सर, त्या नाही काढू देणार. बिब्ब्याचाच आहे म्हटलं तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवला त्यांनी. आता मी जाऊन काय म्हणू? हा तुमच्या माणसाच्या हातचा नाही, हा आजार आहे, आणि जीव घेईल? मला हाकलून देतील त्या. आणि उशीर झाला तर...”



सरांनी त्याच्या पायाकडे बोट दाखवलं.

“सॉक्स काढ.”

“काय?”

“उजव्या पायाचा. काढ.”

श्रीरंगनं काढला. सर खुर्चीचा आधार घेत घेत, गुडघे सांभाळत खाली बसले आणि त्यांनी त्याची टाच दोन्ही हातांत घेतली.

“सर! काय करताय हे? सोडा... तुम्ही माझ्या पायाला हात नाही लावायचा!”

सरांनी सोडलं नाही. ते काही तपासत नव्हते. डाग शोधत नव्हते. नुसती टाच धरून बसले होते. हात म्हातारे होते, कोरडे होते, थोडे गार होते.

पाय ओढून घ्यावा असं श्रीरंगला आधी वाटलं. मग वाटेना. कोल्हापुरात तोही खोलीवर एकटाच राहत होता. आपल्या पायाला शेवटचा हात कुणाचा लागला, ते त्याला आठवेना. आईचा असेल, लहानपणी काटा काढताना. त्याला फार एकटं वाटलं. आणि सरांनी इतक्यात सोडू नये, असंही वाटलं. सरांनाही घाई दिसत नव्हती.



“सर,” शेवटी त्यानं विचारलं, “तिथं गेल्यावर सुरुवात कशी करू?”

“आधी नुसती टाच हातात घे,” सर म्हणाले. “हातमोजे घालू नकोस.”