गेनबा हेडीचा खिसा

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची म्हणाल, तर त्या काळी राजे होते, गाढवं माणसांशी बोलत होती आणि मोबाइल फोनही होते. ‘राजाच्या काळात मोबाइल कसा?’ असं कोणी विचारेल. त्यानं आधी गाढव कसं बोलायचं ते विचारावं. ज्याला गाढव चालतं, त्याला मोबाइलही चालावा.

तर एका राज्यात गुरांचा मोठा बाजार भरायचा. त्या बाजारात गेनबा नावाचा हेडी होता. हेडी म्हणजे गुरांचा सौदा जुळवून देणारा माणूस. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला आणि मधे हेडीचा रुमाल. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. तोंडानं आकडा बोलायचा नाही, कारण बाजारात कानांची कमी नसते. गेनबाची बोटं इतकी हुशार होती, की मुका माणूससुद्धा त्याच्याशी घासाघीस करून दमायचा.

अशा या हुशार माणसानं एक नवा कोरा मोबाइल घेतला आणि त्याची हुशारी तिथंच संपली.

पहिल्या दिवशी त्यानं फोनवर काच चिकटवली. चांगलं केलं. दुसऱ्या दिवशी रबरी जाकीट घातलं. तेही चांगलंच केलं. पण मग त्याला वाटलं, पाणी लागलं तर? म्हणून प्लास्टिकची पिशवी आली. पिशवी फाटली तर? म्हणून वर मेणकापड आलं. धूळ गेली तर? जुन्या धोतराचा पट्टा. पडला तर? गोधडीचा तुकडा. आणि हे सगळं सुटलं तर? म्हणून वरून सुतळी. सुतळीला गाठ कोणती, तर बैल दावणीला बांधायची. रोज सकाळी उठून ती थोडी आणखी आवळायची. सगळ्यात वर लिंबू-मिरची, कारण नजर काही गोधडी बघून थांबत नाही.

छत्री भिजेल म्हणून ती पोटाशी धरून पावसातून धावत येणारी माणसं आमच्याकडं पाहायला मिळतात. पण अशा माणसाची निदान छत्री तरी कोरडी राहते. गेनबाचं तेवढंही जमलं नाही.

झालं असं, की फोन वाजायचा तेव्हा गेनबा गाठ सोडायला बसायचा. तो गोधडीपर्यंत पोचेतो फोन गप्प झालेला असायचा. बायको कोंडाबाई म्हणायची, “अहो, हा फोन आहे की लोणच्याची बरणी? उघडायचा नसेल तर घेतला कशाला?”

“अगं, वाजला की झिजतो,” गेनबा म्हणायचा. “म्हणून तर मी नंबरही कुणाला देत नाही.”

पण एका माणसाला नंबर द्यावा लागला होता. गेनबाची मुलगी साळू लग्नाची होती. तीन दिवसांच्या वाटेवरच्या एका गावचा मुलगा तिनं जत्रेत पाहिला होता आणि तेव्हापासून तिच्या हातच्या निम्म्या भाकरी करपत होत्या. मुलाकडचेही राजी दिसत होते. मुलाचा बाप होता सरळ, पण मानी. तो म्हणाला होता, “बाजारच्या दिवशी फोन करीन. उचललात तर पुढचं बोलू. नाही उचललात तर तुमच्या मनात नाही असं समजू.”

पहिल्या बाजारी त्याचा फोन आला. गेनबा मेणकापडापर्यंत पोचला होता. दुसऱ्या बाजारी आला, तेव्हा गेनबानं घाईत गाठ उलटी ओढली आणि ती जास्तच बसली. मग मुलाच्या बापानं एका वाटसरूकडून निरोप धाडला: “येत्या बाजारी शेवटचा फोन. तुमच्या बाजाराचा ढोल गावोगाव पुढं वाजत आमच्यापर्यंत पोचतो. बाजार उठल्याचा तिसरा ढोल वाजला, की आम्ही दुसरीकडं बोलणी करू.”

निरोप ऐकून साळूनं त्या दिवशी भाकरीच केली नाही.

तिसरा बाजार उजाडला. गेनबानं फोन कोपरीच्या आतल्या खिशात घातला आणि वर हात ठेवला. दहा पावलं चालला, खिसा चाचपला. रामराम घातला, खिसा चाचपला. शिंकला, तरी आधी खिसा चाचपला आणि मग नाक पुसलं.

बाजाराच्या तोंडाशी एक कुंभार मडकी मांडून बसायचा. त्याचं गाढव म्हातारं होतं आणि म्हातारं झालेलं गाढव जरा जास्तच बोलतं. ते म्हणालं, “गेनबा, तो हात काढ.”

“का?”

“सगळ्या बाजाराला पत्ता सांगतोयस. सकाळपासून मी मोजतोय. मला मोजता येतं त्याच्या पुढं गेलं.”

“गाढवाची अक्कल गाढवाला!” गेनबा म्हणाला, आणि खिसा चाचपून पुढं गेला.

आता बाजारात जसे घेणारे येतात, विकणारे येतात, तसे नुसते बघणारेही येतात. त्यांतलाच एक मोठं पागोटं घातलेला पाहुणा गेनबाकडं बघत होता. एक खोंड पसंत असल्यासारखं दाखवत तो पुढं आला. रुमालाखाली हात गेले. गेनबाचा उजवा हात रुमालात आणि डावा खिशावर. सौदा रंगात आला, तरी डावा हात काही हलेना.

पाहुणा म्हणाला, “खोंड देखणं आहे. पण दात बघू.”

“चार दाती आहे. मी सांगतोय ना!”

“हेडीबुवा, सांगणाऱ्याचे दात केव्हाचे दिसतायत. खोंडाचे दाखवा.”

भोवतालचे लोक हसले. गुराचे दात दाखवायला कचरणारा हेडी म्हणजे कपाळ झाकून कुंकू लावणारी बाई. गेनबाला ते लागलं. पण दात दाखवायचे तर एका हातानं वेसण धरावी लागते आणि दुसऱ्या हातानं ओठ वर करावा लागतो. तिसरा हात देवानं गेनबाला दिलेला नव्हता.

त्यानं वेसण धरली, ओठ वर केला. “मोजा! एक, दोन, तीन, चार!”

“चारच आहेत,” पाहुणा म्हणाला. “घरच्यांना विचारून आलो.” आणि तो गर्दीत मिसळला.

गेनबानं खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग पटका सोडून झटकला. शेवटी त्यानं खोंडाच्या तोंडातसुद्धा वाकून पाहिलं.

“फोन गेला!” अशी आरोळी त्यानं ठोकली, की बाजारातल्या निम्म्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात कोंडाबाई आणि साळू भाकरी घेऊन आल्या. काय झालं ते ऐकून साळूनं गाठोडं खाली ठेवलं आणि ती एका दगडावर बसली. ती रडली असती तर गेनबाला बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्या रिकाम्या खिशाकडं पाहत राहिली.

आरोळी ऐकून मडकी लादलेल्या गाढवासकट आलेला कुंभार म्हणाला, “असे उभे काय राहता? आपल्याच नंबरावर फोन लावा. कुठंतरी वाजेल.” आणि त्यानं एका मडक्यात हात घालून स्वतःचा फोन काढला. मडक्यात खाली पेंढा होता, वर तोंड उघडं होतं. कुंभाराचा फोन गाढवावरून दोनदा पडला होता आणि दोन्ही वेळा पेंढ्यातच पडला होता. “सांगा नंबर.”

गेनबा पुन्हा खिसा चाचपू लागला.

“अहो, तुमचा नंबर!”

“मला कशाला पाठ असेल? मी काय मला फोन करतो?”

कोंडाबाईनं कपाळावर हात मारला. “अहो, तीस वर्षं गुरं विकली तुम्ही! गाय आठवा की! चार पाय, चार सड, दोन शिंगं, दोन कान, एक शेपूट. चव्वेचाळीस, बावीस, एक. मी पहिल्याच दिवशी पाठ केला.”

त्या काळी नंबर असे लहानच असत. राज्यच केवढंसं होतं.

कुंभारानं गाय लावली. सगळे कान देऊन उभे राहिले. बैल हंबरत होते, घुंगरं वाजत होती, एक बोकड विनाकारण ओरडत होता. फोनचा आवाज कुठूनच येईना. येणार कसा? सात थरांच्या आत तो वाजत असेल तर त्याचा त्यालाच ऐकू येत असेल. त्यातच बाजार उठल्याचा पहिला ढोल वाजला.

“माझ्या खिशात सहा महिने होता,” गेनबा कुरकुरला, “तेव्हा मलाच नीट ऐकू यायचा नाही. आता काय ऐकू येणार!”

“सगळे गप्प बसा,” गाढव म्हणालं. “आयुष्यभर या कानांवरून लोक हसले. आज तरी त्यांना काम करू द्या.”

त्यानं एक कान पूर्वेला केला, एक पश्चिमेला. मग दोन्ही एका दिशेला वळले. “कडब्याच्या गंजीमागं. पोत्यात बसून कोणी पिपाणी वाजवावी, तसं काहीतरी वाजतंय.”

सगळे धावले. गंजीमागं तो पागोटेवाला पाहुणा मांडी घालून बसला होता. पागोटं बाजूला पडलं होतं, घाम निथळत होता आणि गेनबाची सुतळी त्याच्या दातांत होती. पळावं म्हणून तो उठला, तर गाढव त्याच्याकडं पाठ करून उभं. गाढवानं पाठ केली म्हणजे काय, हे चोरालाही कळतं. तो परत बसला.

“हेडीबुवा,” तो हात जोडून म्हणाला, “चोरी केली, कबूल. पण एवढी मेहनत करायची असती, तर मी चोर कशाला झालो असतो? एक दात हलायला लागला. आता तुम्हीच सांगा, आत फोन आहे की कांदा?”

“लाज नाही वाटत? माझा खिसा तुला कोणी दाखवला?”

“तुम्हीच की! मी सकाळी आलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही इतक्या वेळा दाखवलात, की शेवटी नाही म्हणणं बरं दिसेना.”

लोक हसले. गेनबा मात्र हसला नाही, कारण दुसरा ढोल वाजला आणि ढोलापाठोपाठ सुतळीच्या आतून पुन्हा ती पिपाणी वाजली. या वेळी तो कुंभारानं लावलेला नव्हता; त्याचा फोन मडक्यात होता.

“बाबा,” साळू दगडावरून उठून धावत आली होती, “त्यांचाच असणार!”

गेनबानं गाठीला हात घातला. ती चोराच्या लाळेनं आणखीच फुगली होती. कोंडाबाईनं शेजारच्या गवतवाल्याचा विळा उचलला.

“अगं, कापू नको! नवी सुतळी आहे!”

“सुतळी बाजारात मिळते,” कोंडाबाई म्हणाली. “जावई नाही मिळत.”

एका झटक्यात सुतळी गेली. गोधडी गेली, धोतराचा पट्टा गेला, मेणकापड गेलं. तिकडं ढोलवाल्यानं तिसऱ्या ढोलासाठी काठी वर केली. गाढवानं असा काही सूर लावला, की तो बिचारा दचकला आणि काठी त्याच्या हातातून सुटली. ती उचलून आणेतो कोंडाबाईनं पिशवी दातांनी फाडली आणि शेवटच्या घंटीला फोन उचलला.

पाहते तर काच आडवी तडकलेली. फोन कधी पडला नव्हता, कधी भिजला नव्हता. रोज सकाळी सुतळी आवळून आवळून मालकानंच ती फोडली होती. त्यामुळं पलीकडच्या मुलाच्या बापाचा चेहरा दोन तुकड्यांत दिसत होता. वरचा तुकडा रागावलेला होता आणि खालचा तुकडा बोलला, “विहीणबाई!”

तो एक शब्द ऐकला आणि कोंडाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. साळू कुंभाराच्या मडक्यांकडं पाहू लागली. इतकी निरखून, जणू तिला सगळीच विकत घ्यायची होती.

“विहीणबाई, तिसरा ढोल वाजेतो लावत राहायचं, असं आमच्या मुलानं ठरवलं होतं. मी कंटाळलो होतो. आमचं नक्की आहे. पण एक अट आहे.”

“बोला ना!”

“फोन तुमच्याकडं ठेवा. व्याह्यांकडं बैल असू द्या.”

अट मान्य झाली. तिसरा ढोल वाजला तेव्हा बाजारात गूळ वाटला जात होता. गुळाचा एक खडा गाढवाला मिळाला आणि दात दुखत असल्यामुळं चोराला मऊसा भाग मिळाला. पंचांनी त्याला शिक्षा दिली, की दिवाळीपर्यंत दर बाजारी गेनबानं बांधलेल्या सगळ्या दावणीच्या गाठी त्यानंच सोडायच्या. दुसऱ्याच बाजारी त्यानं हात जोडून विचारलं, की यापेक्षा तुरुंग मिळेल का?

कोंडाबाईनं फोनला नवी काच बसवली, एकच जाकीट घातलं आणि कमरेच्या पिशवीत खाली थोडा कापूस घालून तो ठेवला. गाईचा नंबर तिनं घरात सगळ्यांकडून पाठ करून घेतला आणि मुलाकडच्यांचा नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवला. ती त्या पिशवीला कामाशिवाय हात लावत नसे. फोन कुठं आहे हे तिला माहीत होतं, म्हणून बाजाराला माहीत नव्हतं.

गेनबाची सवय मात्र सुटली नाही. रिकामा खिसा चाचपला की ‘फोन गेला!’ म्हणून तो ओरडत सुटायचा. म्हणून लग्नाच्या आधीच्या बाजारी कोंडाबाईनं त्याच्या खिशात काहीतरी ठेवलं. गेनबा दिवसभर ते चाचपत राहिला आणि खूष राहिला.

त्या दिवशी बाजारात नवा आलेला एक चोर त्याच्यामागं सकाळपासून फिरला, संधी साधली, खिसा साफ केला आणि धापा टाकत कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसला. उघडून पाहतो तर काय, कांदा! बाजूला गाढव उभंच होतं. ते म्हणालं, “भाकरी हवी असेल तर कोंडाबाईकडं मिळेल. हल्ली करपत नाही.”

तात्पर्य: वस्तू जपावी ती वापरता येईल इतकीच; ज्या खिशावर मालकाचा सारखा हात, त्याच खिशावर चोराचा डोळा.