उतारावरचा पर्णक

फार पूर्वी वेत्रनगरात राजा सोमदंत राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगराबाहेर, नदीकाठच्या एका वाटाड्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव पर्णक. नदीला जिथे उतार असे, म्हणजे ती पायी ओलांडता येई, ती जागा राखणे हे त्या घराचे काम. दोन्ही काठांवरच्या अर्जुनवृक्षांना तांबड्या चिंध्या बांधलेल्या असत, आणि तांडे त्या खुणांच्या रेघेत गाड्या घालीत.

पर्णक बोलताना अडखळे. लहानपणी नगरात त्याचे इतके हसे झाले की आईबाप गेल्यावर तो झोपडी सोडून कुठे जाईनासा झाला. त्याला माणसांची फार ओढ होती आणि माणसांचीच भीती. संध्याकाळी काठावर एक बगळा येई, त्याच्याशी मात्र तो न अडखळता बोले. बगळ्याला काय, मासा मिळाल्याशी कारण.

एका पावसाळ्यानंतर नदीने पात्र बदलले. खुणांच्या मधोमध डोह पडला आणि उतार वरच्या अंगाला सरकला. पर्णकाने ते पाहिले. पण खूण हलवायची तर नगराच्या चौकात उभे राहून, स्वतःच्या तोंडाने कारण सांगायचे, अशी रीत होती. तो वेशीपर्यंत जाई आणि परत फिरे. आज बाजार आहे, गर्दी फार. आज बाजार नाही, ऐकणार कोण? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटे नाही. तांडे यायला अजून अवकाश आहे, असे म्हणून तो मनाची समजूत घाली.

एक तांडा वेळेआधीच आला. तांड्याचा म्होरक्या, सार्थवाह वरुणदत्त, आपल्या म्हाताऱ्या आईला पुढच्या गाडीत बसवून चिंध्यांच्या रेघेत निघाला. पाण्यात शिरलेला पहिला बैल मागे फिरवायचा नाही, असा त्या लोकांचा नेम. बैल पाण्याशी येऊन ठेपला, तसा पर्णक धावत सुटला.

"थां... थां..." पुढचे तोंडातून निघेना.

"अरे, याचं बोलणं पुरं होईतो नदी आटेल!" एक गाडीवान म्हणाला, आणि सगळे हसले.

ते हसू त्याच्या ओळखीचे होते. झोपडी जवळच होती. आत शिरून दार लावून घेता आले असते. त्याचे पाय तिकडे वळलेही. मग त्याच्या मनात आले, माझी लाज वाचेल आणि ती म्हातारी बुडेल. असली लाज घेऊन मी जगू कसा?

तो बैलापुढून थेट पाण्यात शिरला. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला लागले, आणि पर्णक दिसेनासा झाला. हसणे थांबले. सार्थवाहाने कासरा खेचला. धापा टाकत पर्णक वर आला, पोहत वरच्या अंगाला गेला आणि मांडीभर पाण्यात हात उंचावून उभा राहिला.

"तो उभा आहे तिथून घ्या रे गाड्या!" सार्थवाह ओरडला. शेवटची गाडी पार होईपर्यंत पर्णक त्या गार पाण्यातून हलला नाही.

पलीकडे पोचल्यावर तांड्याला पुढची घाई होती. म्हातारी मात्र गाडीतून उतरून काठावर आलेल्या पर्णकाजवळ गेली.

"लेकरा, नाव काय रे तुझं?"

"प... प..."

"आई, उशीर होतोय," सार्थवाह म्हणाला.

"होऊ दे." ती वाळूत बसली. तिने शब्द सुचवला नाही, नजरही वळवली नाही. त्याचे नाव पुरे होईपर्यंत ती थांबली. आईबापांनंतर असे कुणी त्याच्यासाठी थांबले नव्हते. पर्णक रडला.

दुसऱ्या दिवशी तो चौकात गेला. लोक हसले. त्याला फार वेळ लागला, पण त्याने मध्येच सोडले नाही, आणि सांजेच्या आत चिंध्या नव्या जागी बांधल्या गेल्या. झोपडी तीच राहिली, एकटेपणही बरेचसे तेच. बगळा आला तेव्हा त्याला सांगायला मात्र आज काहीतरी होते.

ही कथा तथागतांनी भिक्खू वत्सकाला सांगितली. साथीने पोळलेल्या एका गावाला धीर द्यायला त्याला पाठवले होते, आणि काय बोलू या धास्तीने तो शिवेवरून पुन्हा पुन्हा परतत होता. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा सार्थवाह म्हणजे आपला उतावळा भिक्खू चंडील. पर्णक मी होतो. आणि ती म्हातारी, वत्सका, तू होतास. तेव्हा तू माझ्यासाठी थांबलास. आता जा आणि बोल. ते गाव तुझ्यासाठी थांबले आहे."

वत्सकाने भिक्षापात्र उचलले आणि तो निघाला. भीती गेलेली नसतानाही पाऊल पुढे टाकणे, हीच वीर्यपारमिता, म्हणजे धैर्याची आणि प्रयत्नाची परिसीमा.