सोनाक्काचं ठेवणीचं अंडं

श्रीहरबाजी महाराज कार्तिकाच्या सुरुवातीला कासारमाळास आले आणि विठोबाच्या देवळात उतरले. महाराज आले की गावाला दुसरी दिवाळीच! पहाटेच्या काकड्याला देऊळ माणसांनी भरून जाई. थंडीत कुडकुडणारी म्हातारीकोतारीसुद्धा घोंगडी पांघरून येऊन बसत. उशिरा येई ती एकटी सोनाक्का.

सोनाक्का म्हणजे गावकुसाशेजारी राहणारी एकटी विधवा. मागे ना पुढे कुणी. अंगणात चार गावरान कोंबड्या, तेवढाच तिचा संसार. तांबडं फुटायच्या सुमाराला ती खुराड्याची फळी काढी. रात्रीच भिजवलेला कोंडा, त्यात बारीक चिरलेला पाला, वर कुटलेल्या शिंपल्यांची चिमूट, हे तिच्या हातानेच व्हायला हवे. टाकायचे तेही नुसते नाही, एकेकीला नावाने हाक मारून. प्रत्येक मुठीला तोंडाने "विठ्ठल, विठ्ठल" चाले. संध्याकाळी मूठमूठ जोंधळा, मग खुराडे बंद. इतके होऊन ती देवळात पोचे तोवर आरती अर्धी झालेली असे.

तिची अंडी मात्र बाजार बघत नसत. गावात कुणी बाळंतीण झाली, कुणी तापातून उठले, की अंडे त्या घरी जाई. "आजारी माणसाचा हात तुझ्या दारातून रिकामा जाऊ नये," असे महाराजांनीच तिला कधीकाळी सांगितले होते, आणि तिने ते गुरुवाक्य म्हणून धरले होते. आहे की नाही निष्ठा!

देवळाचा कारभार दौलतराव इनामदारांकडे होता. माणूस दानधर्म करणारा, पण केलेला चारचौघांत दिसावा अशी हौस फार. एके पहाटे सोनाक्का उंबऱ्याशी आली तशी त्यांनी भर आरतीत टोला हाणला.

"आल्या बघा! कोंबड्यांना ओवाळून झालं, आता उरलंसुरलं देवाला!"

लोक हसले. सोनाक्काने पदर तोंडावर ओढला. कोपऱ्यात खांबाच्या आडोशाला उभी राहिली ती, आणि डोळ्यांतले पाणी टाळ्यांच्या आवाजात पुसले.

महाराज म्हणाले, "दौलतराव, कुणाच्या पोटात घास घालून आलेलं माणूस देवाला उशिरा आलं असं वाटत नाही हो."

हे शब्द इनामदारांना फार झोंबले. घास घालणे हीच भक्ती, तर आमच्याएवढे कोण घालणार? त्यांनी बाजारातून डालगी भरभरून कोंबड्या आणवल्या. परसात मोठे खुराडे उठले. घमेल्यात दिवसभर गहू आणि शेंगदाणे ओतलेले. खा किती खायचे ते! कोंबड्या अशा मस्तावल्या की उकरणेच विसरल्या. भिंतीच्या सावलीला पडून राहायच्या, आणि अंड्याच्या नावाने शिमगा. "इनामदारांच्या कोंबड्यापण इनामदारच निघाल्या की!" म्हणून गाव मागून हसे. तोंडावर कोण बोलणार?

अशातच इनामदारांची सून सगुणा बाळंत झाली. मुलगा झाला, पण तिला ताप भरला तो उतरेना. अन्नाचा कण पोटात ठरेना, दूधही आटले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली. म्हणाले, "कोमट दुधात गावरान अंडं फेटून सकाळ-संध्याकाळ द्या. तेवढं पोटात राहिलं आणि अंगात ताकद आली, तरच पोर हाती लागेल."

आता अंडे आणायचे कुठून? घरच्या खुराड्यात एक नाही. आणि गावातल्या कोंबड्यांनी तर पिसे टाकलेली. पिसे झडू लागली की नवी येईस्तोवर कोंबडी अंड्यावर येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दिवेलागणीला सोनाक्काच्या अंगणात इनामदारीण उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर, हातात वाटी. नवऱ्याला न सांगता आल्या होत्या.

"सोनाक्का, पदर पसरते. माझी सगुणा जातीय गं."

सोनाक्काच्या कोंबड्याही उघड्याबोडक्या झालेल्या. खुराड्यात होते ते एकच, ठेवणीचे अंडे. कासारमाळात रीतच होती, घरटे कधी मोकळे करायचे नाही. कोंबडीने नवे घातले की जुने उचलायचे, पण एक ठेवायचेच. घरटे रिकामे दिसले की कोंबडी जागा सोडते, कुठे कुंपणात, कुठे गवतात घालत सुटते, असे सगळे मानत. ते अंडे उचलणे म्हणजे आपल्या हाताने खुराडे मोडणे.

आणि खोटे कशाला सांगा, त्या बाईच्या मनात क्षणभर आले, की ज्या घराने भर देवळात माझे हसे केले, त्या घरासाठी? आले हो मनात! माणूसच ती. पण दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच लाज वाटली. ती खाली वाकली, खुराड्यात हात घातला आणि ठेवणीचे अंडे वाटीत ठेवले.

"अगं, हे तर ठेवणीचं! आणि सकाळी काय देऊ तिला?"

"आत्ताचं द्या, वैनीसाहेब. सकाळचं महाराज बघतील."

बोलून गेली, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे काकड्याचा नगारा वाजला. तिच्या मनात आले, तसेच धावत जावे आणि महाराजांचे पाय धरावेत. तोच आत कोंबड्या कुरकुरल्या. अंडे देवोत न देवोत, भूक तर लागतेच ना मुक्या जिवांना! तिने कोंड्याचे भांडे उचलले, फळी काढली आणि पाहते तर काय, कुंपणाशी साक्षात महाराज उभे!

"सोनाक्का, आज आम्हीही घालतो दोन मुठी," महाराज म्हणाले आणि ओल्या अंगणात मांडी घालून बसले. प्रत्येक मुठीला "विठ्ठल, विठ्ठल". त्या बोडक्या कोंबड्या त्यांच्या मांडीशी येऊन कोंडा टिपू लागल्या.

तिकडे देवळात काकडा पेटलेला आणि महाराजांचा पत्ता नाही. शोधत शोधत दौलतराव तणतणत आले. अंगणात पाहतात, तर महाराजांचे हात कोंड्याने माखलेले, आणि शेजारी, सकाळच्या अंड्याच्या आशेने आलेली, वाटी धरून स्वतःची बायको उभी!

"तू इथं? या दारात?"

इनामदारीण काही बोलणार तोच खुराड्यातून कोंबडी कलकलली. अंडे घातल्यावर गाव जागे करते तशी! सोनाक्का धावली. जिच्या पाठीवर पीस उरले नव्हते, तीच कोंबडी रिकाम्या घरट्यातून उठत होती आणि मागे ऊन ऊन अंडे! ते हातात घेताना सोनाक्काला रडूच फुटले. इनामदारीण वाटी पदराआड धरून घराकडे धावल्या.

"योगायोग," दौलतराव पुटपुटले आणि पाठ फिरवून गेले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे थोडेच राहते! संध्याकाळी दुसरे अंडे मिळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, सांजेला पुन्हा. भर पीसझडीत, रिकाम्या घरट्यात! गाव बघायला लोटले. सगुणाचा ताप उतरला, पेज पोटात राहू लागली, आणि एका सकाळी ती भिंतीला टेकून बसली आणि बाळाला तिने छातीशी घेतले. त्या दिवसापासून सोनाक्काच्या कोंबड्या गप्प झाल्या, त्या नवी पिसे येईपर्यंत. हवे होते तेवढेच देवाने दिले. कण जास्त नाही, कण कमी नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दौलतराव सोनाक्काच्या अंगणात आले. महाराज आधीच येऊन बसलेले.

"महाराज, मलाही... दोन मुठी घालू द्या."

सोनाक्काने भांडे पुढे केले. दौलतरावांनी मूठ भरून टाकली. कोंबड्या फडफडत कुंपणापर्यंत पळाल्या.

"मी टाकलेलं खात नाहीत या," ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

महाराज हसले. "खाली बसा, दौलतराव. उभ्या माणसाला भितात त्या."

जरीकाठी धोतराचे इनामदार त्या शिटांनी भरलेल्या अंगणात बसले. तळहात पसरून, ओठांतल्या ओठांत "विठ्ठल" म्हणत. बराच वेळ काही झाले नाही. मग एक बोडकी कोंबडी भीत भीत आली आणि तिने त्यांच्या तळहातावरचा कोंडा टिपला. त्या बारक्याशा टोचणीने त्या माणसाचा सगळा ताठा गळून पडला. ओक्साबोक्शी रडत त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके ठेवायला मान वाकवली.

महाराज हळूच बाजूला सरकले, आणि इनामदारांचे मस्तक टेकले ते मागे उभ्या असलेल्या सोनाक्काच्या पायांवर. ती घाबरून पाय मागे घेऊ लागली, तेव्हा महाराज म्हणाले, "राहू दे बाई. योग्य जागीच टेकलंय."