मात्रा की वेलांटी

विषय : पाळीव पोपटाचा धर्म ठरवून मिळणेबाबत.
संदर्भ : अत्तरवाल्याचा दरबारातील अर्ज व त्यावर निघालेले 'जैसे थे'चे फर्मान.

वरील विषयास अनुसरून हकिकत अशी की, फार जुन्या काळी, जेव्हा राज्ये राजांच्या नावाने ओळखली जात आणि कारकुनांच्या सोयीने चालत, तेव्हा नदीकाठच्या एका गावात एक अत्तरवाला राहत होता. त्याचे नाव येथे दिलेले नाही. या गोष्टीत कोणाचेच नाव दिलेले नाही. नाव सांगितले की ऐकणारा आडनाव विचारतो, आणि आडनाव कळले की गोष्ट ऐकण्याची त्याला गरज उरत नाही.

अत्तरवाला मुसलमान होता. त्याची बायको ख्रिस्ती होती. हे लग्न टिकायचे नाही, असे दोन्हीकडच्या नातेवाइकांनी सांगून ठेवले होते. ते टिकले, म्हणून नातेवाईक अजून नाराज होते.

घरात अत्तरवाल्याची आई होती. तिला सगळे दादी म्हणत. पुराने घर नेल्यावर बायकोची आईही तात्पुरती राहायला आली. तात्पुरता लावलेला कर आणि तात्पुरता आलेला पाहुणा परत जात नाही, हे त्या राज्यात सर्वांना ठाऊक होते. तिला सगळे आजी म्हणू लागले. आणि या दोघींची एकच नात होती. ती रांगून उभी राहिली होती, भिंत धरून चालत होती, पण अजून बोलत नव्हती. ओठ जुळवायची, फुगे काढायची, आणि आता काहीतरी म्हणणार असे वाटेपर्यंत हसून टाकायची. अत्तरवाला दुकानातून दिवसातून दोनदा घरी चक्कर मारी. पहिला शब्द आपल्या पाठीमागे निघून जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

दोन धर्मांत फरक होता, आणि तो लहान नव्हता. आजी मानी, येशू देवाचा पुत्र. दादी मानी, ईसा अल्लाचा पैगंबर, आणि अल्लाला मूलबाळ नसते. आजी मानी, तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. दादी मानी, त्याला कोणी मारू शकलेच नाही, अल्लाने त्याला वर उचलून घेतले. तो परत येणार यावर मात्र दोघींचे एकमत होते. आल्यावर तो कोणाच्या बाजूने बोलेल, यावर नव्हते.

हे दोघींना पक्के ठाऊक होते, म्हणून त्या ते बोलत नसत. एक भाकरी थापी, दुसरी शेकी. जेवणाआधी आजी हात जोडून देवबापाचे आभार मानी आणि शेवटी म्हणे, "आमेन." जेवणानंतर दादी दोन्ही तळहात पसरून दुवा मागे आणि शेवटी म्हणे, "आमीन." मधल्या वेळात सगळे जेवत. असे बरेच दिवस चालले, आणि कोणाचे काही बिघडले नाही.

स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्ये तुळईला एक पिंजरा टांगलेला होता. त्यात पोपट होता. एके दिवशी ताटे उचलल्यावर तो मान वाकडी करून एक शब्द बोलला.

"ऐकलंत का विहीणबाई?" दादी खूश होऊन म्हणाली. "आपला मिठू आमीन म्हणाला."

"ऐकलं की," आजीही खुशीतच म्हणाली. "पण आमेन म्हणाला हो. तुमचा कान जरा..."

"माझा कान ठणठणीत आहे. पलीकडच्या गल्लीत कोण खोकलं ते सांगते मी."

"तेच म्हणतेय. दुसऱ्यांच्या घरातलंच ऐकायची सवय त्याला."

अत्तरवाला पिंजऱ्याला कान लावून उभा राहिला. पोपट पुन्हा बोलला. पोपटाला ओठ नसतात, त्यामुळे तो शब्द 'मे'वरून निघून 'मी'वर पोचण्याआधीच कुठेतरी संपत होता. मात्रा म्हणावी तर वेलांटीकडे झुकलेली, वेलांटी म्हणावी तर मात्रेसारखी उभी.

"अर्थ एकच आहे दोन्हीचा," अत्तरवाला म्हणाला. "असंच होवो."

"अर्थ एक आहे, तीच तर भीती," दादी म्हणाली. "वेगळा असता तर ओळखू आला असता. खोटं नाणं खऱ्यासारखं दिसतं म्हणूनच खपतं."

"अगदी बरोबर बोललात," आजी म्हणाली. "फक्त खोटं कोणतं ते उलटं बोललात."

त्या दिवसापासून पिंजऱ्याखाली वर्दळ वाढली. अत्तरवाला दुपारी घरी आला, तर आजी पेरूची फोड घेऊन स्टुलावर उभी. "मे. मेंढरातला मे. म्हण राघू, मे." तो पाणी पिऊन परत निघाला, तर त्याच स्टुलावर दादी. "मी. मिठातला मी. म्हण बेटा." पोपटाने दोघींचे पेरू खाल्ले आणि स्वतःचाच उच्चार चालू ठेवला. सरकारी माणसात आणि त्याच्यात फरक एवढाच, की त्याने कोणालाही काम होईल असे सांगितले नव्हते.

एका संध्याकाळी दादीने मुलाला बाजूला घेतले.

"बेटा, हे पोपटाचं नाही. पोर बोलायला टेकली आहे. घरात जो शब्द घुमेल तोच तिच्या तोंडी बसेल. आज पोपट, उद्या पोर."

अत्तरवाल्याने हे बायकोला सांगितले. बायको म्हणाली, "अहो, आईसुद्धा मला आत्ताच हेच म्हणाली. शब्दन् शब्द. आज पोपट, उद्या पोर." दोघे हसले. पण नवरा आधी थांबला, की बायको आधी थांबली, याकडे दोघांचेही लक्ष होते.

मग दादी मौलवींकडे गेली. मौलवी म्हणाले, "बाई, माझ्याकडे माणसांचेच सवाल पुरे आहेत. पोपटाला सोडा." आजी पाद्रीबाबांकडे गेली. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, पाखराला सोडा. माझ्याकडे माणसंच पुष्कळ आहेत." दोघांचे उत्तर एकच निघाले, तेव्हा हे दोघे आतून मिळालेले असणार, असा संशय दोघींनाही एकाच वेळी आला. शहाण्यांचीही मात्रा चालेना, म्हणून शेवटी दरबारात जायचे ठरले.

अर्ज अत्तरवाल्याने लिहिला. दरबारातल्या कारकुनाने तो वाचला, मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारले, "अर्जदार पोपट की तुम्ही?"

"मी."

"पोपटाची संमती?"

"तो एकच शब्द बोलतो."

"संमतीला एकच लागतो. कोणता बोलतो?"

"तोच तर वाद आहे. आमेन की आमीन."

कारकुनाने दोन्ही शब्द कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पाहिले. "म्हणजे दावा एका मात्रेचा आहे."

"नाही साहेब," अत्तरवाला म्हणाला. "दावा माझ्या घरातल्या शांततेचा आहे. एकदा दरबाराने काय ते सांगितलं की दोघी गप्प बसतील. पोर बोलायला लागायच्या आत निकाल मिळाला तर उपकार होतील."

"गप्प बसवणं आमच्या हातात आहे," कारकून म्हणाला. "निकालाचं सांगता येत नाही."

आणि फर्मान निघाले. पोपट हा पुरावा आहे. पुराव्यात फेरफार होऊ नये. दरबारचा निरीक्षक येऊन तपासणी करीपर्यंत पोपटाच्या कानी पडेल असा कोणताही धार्मिक शब्द कोणत्याही पक्षाने उच्चारू नये. सर्व काही जैसे थे ठेवावे. फर्मान काढणाऱ्याने ते घर पाहिलेले नव्हते. त्या घरात पोपटाच्या कानी पडणार नाही अशी जागाच नव्हती.

आजी ओठ न हलवता देवबापाचे आभार मानू लागली. दादी पदराआड दुवा मागू लागली. कुठला शब्द धार्मिक आणि कुठला साधा, हे फर्मानात लिहिलेले नव्हते, म्हणून दोघींनी खबरदारी घेतली. दादी शिंकली तरी पुढचे "अल्हम्दुलिल्ला" गिळून टाकी. आजीच्या हातून भांडे पडले तरी "देवा" अर्ध्यात थांबे. मात्र दोघींची एकमेकींवर नजर होती. दादी मुलाशी बोलत असली आणि आजी जवळून गेली की दादी म्हणे, "हळू. ती ऐकतेय." आजी लेकीशी बोलत असली आणि दादी पाणी घ्यायला आली की आजी म्हणे, "हळू. ती ऐकतेय." या एका वाक्यात मात्रेचाही वाद नव्हता. दोघींचे उच्चार सारखे होते.

अत्तरवाल्याचे नाक गावात प्रसिद्ध होते. बुचाला नाक लावून तो सांगे, गुलाब नदीच्या अलीकडचा की पलीकडचा. पण फार वास एकामागून एक हुंगले की त्यालाही काही कळेनासे होई. घराचे तसे झाले. सगळीकडे संशय पसरला होता आणि त्याला त्याचा वास येईनासा झाला होता, कारण त्याच्या स्वतःच्या कपड्यांनाही तो लागला होता.

एकदा तो दुपारी आला, तेव्हा आतून बायकोचे गुणगुणणे ऐकू आले. ती मुलीला मांडीवर थोपटत होती. नेहमीचेच गाणे, चांदोबाचे की कशाचे. तो उंबऱ्याशी थांबला. गाणे कुठल्या शब्दावर संपते, तेवढे ऐकून मग आत जाऊ, असे त्याला वाटले. असे वाटल्याचे त्याला कळलेसुद्धा नाही.

गाणे मध्येच थांबले.

"अहो, आत या," बायको म्हणाली. "दाराआड उभं राहून काय ऐकताय?"

"काही नाही. चप्पल काढत होतो."

बायकोने त्याच्या पायांकडे पाहिले. चपला पायांतच होत्या. त्यानंतर ती गायली नाही. मुलगी मांडीवर पडल्या पडल्या तिच्या तोंडाकडे पाहत राही, ओठ जुळवी, आणि पाहून पाहून झोपी जाई. फुगे काढणेही तिने सोडले.

निरीक्षक आला तेव्हा पेरूंचा हंगाम येऊन गेला होता. त्याच्यासाठी ओसरीवर सतरंजी टाकली. एका बाजूला दादी बसली, दुसऱ्या बाजूला आजी. अत्तरवाला मुलीला कडेवर घेऊन मध्ये उभा राहिला, आणि त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून. निरीक्षकाने पिंजऱ्यावरचे फडके काढले.

"पोपटास विचारण्यात येते," तो म्हणाला, "की त्याने आपला शब्द उच्चारावा."

पोपटाने एकेकाकडे पाहिले. मान खाली घातली, अंग चोरले आणि घोगऱ्या, दबक्या आवाजात तो म्हणाला,

"हळू. ती ऐकतेय."

निरीक्षकाने टाक उचललेला तसाच ठेवला. "पुन्हा म्हण."

"हळू. ती ऐकतेय."

"हा शब्द कोणत्या धर्माचा?" निरीक्षकाने विचारले.

दादीने आजीकडे पाहिले. आजीने दादीकडे पाहिले. हा आपला आहे असे दोघींपैकी एकही म्हणाली नाही, आणि हा तुमचा आहे असेही म्हणाली नाही.

तेवढ्यात कडेवरची मुलगी हलली. तिने पोपटाकडे पाहिले, मग बापाच्या तोंडाकडे. ओठ जुळवले. ज्याच्यासाठी अत्तरवाला दिवसातून दोनदा दुकान सोडून येत असे, ते आता होणार हे त्याला समजले. मुलीने आपले इवलेसे बोट आपल्या ओठांवर ठेवले आणि स्पष्ट म्हणाली,

"हलू."

'ळ' तिला अजून येत नव्हता. बाकी उच्चार चोख होता.

"बोलली," बायको दारातून म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

दादी उठली. नातीला जवळ घेऊन तिने पूर्वीच्या सवयीने मोठ्याने म्हणायला तोंड उघडले, "या अल्ला..." तोच मुलीने तेच बोट दादीच्या ओठांवर ठेवले. दादी थांबली. आजी पुढे झाली आणि म्हणाली, "देवबापा, हे काय..." मुलीने दुसऱ्या हाताचे बोट आजीच्या ओठांवर ठेवले. दोन्ही म्हाताऱ्या तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या इतक्या जवळ त्या एका घरात राहूनही कधी आल्या नव्हत्या.

निरीक्षकाने नोंद केली : पोपट बोलतो. धर्म स्पष्ट होत नाही. घरातील लहान मुलीसही तीच भाषा येते, सबब तिचीही चौकशी आवश्यक. त्याने कागद गुंडाळला, चहा घेतला आणि तो गेला.

अत्तरवाल्याने त्या दिवशी दुकान उघडले नाही. मुलीला घेऊन तो नदीवर गेला आणि तिला मोठ्याने काय काय सांगत बसला. हे पाणी, ही होडी, तो बगळा. मुलगी प्रत्येक नावाला मान हलवी, आणि होडीवाला जवळ आला की बापाच्या ओठांवर बोट ठेवी.

ही मुलगी पुढे बोलायला शिकली. आमेनही शिकली आणि आमीनही. पण दोन्ही शब्द ती फार हळू म्हणे, आणि म्हणण्याआधी मागे वळून पाही.

तात्पर्य : घरातली प्रार्थना मूल सावकाश शिकते, घरातला संशय मात्र आधी शिकते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.