शनिवारचा चहा

"मग बाबा, संध्याकाळी स्टेजवर येताय ना?"

रहमाजीबाबा झिराडकर म्हणजे आमच्या खाडीकाठच्या गावातले शेवटचे यहुदी. विचारणारा पास्कू रोझारिओ, ख्रिस्ती, नवाकोरा वकील, सरपंचपदाचा उमेदवार. भर वैशाखात काळा कोट. काढला तर लोक वकील म्हणणार नाहीत, ही भीती. लहानपणी दावीदाची स्तोत्रं तो बाबांच्याच मांडीवर शिकला. आता बाबांना शिकवायला आला होता.

बाबांनी एकच वाक्य बोलायचं होतं. हे गाव यहुदी-ख्रिस्ती वारशावर उभं आहे, एवढंच. निवडणुकीत त्याच्यासमोर मोहल्ल्यातला हमीद उभा होता. त्या वाक्यात हमीद बसत नव्हता, आणि तेच तर हवं होतं. निवडून आल्यावर पंचायतीच्या दारावर दहा आज्ञांची पाटीही लागणार होती.

"देव एक, ग्रंथ एक. शब्बाथ पवित्र पाळ… ही आज्ञा तुमचीही, माझीही."

"खरंय," बाबा म्हणाले.

बोलून बोलून पास्कूचा घसा सुकला.

"बाबा, जरा चहा टाका ना."

बाबा उठले नाहीत.

वार शनिवार. म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. त्या दिवशी बाबा स्टोव्ह पेटवत नाहीत, दुसऱ्याला पेटव असंही म्हणत नाहीत. दहाही आज्ञा तोंडपाठ असलेल्या वकिलाच्या हे गावीही नव्हतं.

…

तेवढ्यात शेजारची जैनब आत आली. हमीदची आई.

मला मेलीला चहाची तल्लफ आलीय, असं तिनं भिंतीला सांगितलं आणि स्टोव्ह पेटवला. दर शनिवारी ती भिंतीला हेच सांगते. चहानं तिला पित्त होतं, हे गावातल्या मांजरांनाही ठाऊक आहे.

तिनं दोनच कप ओतले. एक बाबांना दिला. दुसऱ्यात चमचाभर साखर जास्त घातली आणि पास्कूपुढे ठेवला. लहानपणापासून त्याला तशीच लागते.

पास्कूनं कप ओठांशी नेला… आणि हात तिथंच राहिला. कानाच्या पाळ्या लाल.

"तुमचं कामाचं काहीतरी चाललंय," जैनब म्हणाली. "निघते मी."

बाबांनी सरकून चटईवर जागा केली.

"बस, जैनब. पास्कू आपल्या वारशाबद्दलच बोलतोय."