मन्याना डोंगरावरचे दगड

समोरचा डोंगर बघा. फोटो मागून काढा, तो कुठे पळत नाही. वरच्या धारेवर बायकांसारखे दगड उभे आहेत. एकीच्या पाठीवर तर मूल बांधल्यासारखा फुगवटा आहे. सरकारी नकाशात या डोंगराचं नाव 'मन्याना'. स्पॅनिशमध्ये मन्याना म्हणजे उद्या. डोंगराला कोणी उद्या म्हणतं का? तुमच्या पुस्तकात छापलंय की देश पेरू, राजधानी लिमा, पर्वत अँडीज, भाषा स्पॅनिश. आमची भाषा केचुआ. तीही असेल कुठेतरी खाली, बारीक अक्षरात. या काचीपाता गावात त्या दोन भाषांची गाठ कशी पडली, ते आज्याने मला सांगितलं तसं सांगतो.

तेव्हा राजा स्पेनचा, समुद्रापलीकडे बसलेला. त्याने हा मुलूख कधी डोळ्यांनी पाहिला नाही. लिमात त्याचा व्हाइसरॉय, त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यात अंमलदार, अंमलदारांखाली कारकून. हुकूम वरून खाली यायचा. खालून वर काही जात नसे. हुकूम असा, की दर सात बाप्यांमागे एक जण खाणीवर पाठवायचा. याला मिता म्हणत. इंकांच्या राज्यातही मिता होती, पण तेव्हा माणूस रस्ता बांधून घरी यायचा. ही खाण पाऱ्याची. चांदी काढायला पारा लागतो म्हणून ती खोदत होते. पाऱ्याने दात गळतात, हात थरथरतात, आणि माणूस म्हातारा व्हायला उरत नाही.

गावचा प्रमुख, म्हणजे कुराका, होता मायता. त्याला एकच मुलगा, अंको. सुनेचं नाव तिका, तिच्या पाठीवर तान्हं मूल.

एके दिवशी गास्पार नावाचा कारकून आला. त्याचा दुभाषा म्हणे खिंडीतच विरळ हवा लागून आडवा झाला होता. गास्पारला पुढचं गाव गाठायची घाई. त्याने दुभाष्यावाचूनच काम उरकायचं ठरवलं. सात बोटं दाखवली, त्यातलं एक मुडपलं, आणि खाणीकडे हात केला.

मायताला सगळं कळलं. तो म्हणाला, "मना."

केचुआत मना म्हणजे नाही.

गास्पारला ऐकू आलं मन्याना. तो शिपायाकडे वळून हसला. "अरे, थेरड्याला आपली भाषा येते की! उद्या देतो म्हणतोय."

साहेब हसतोय हे बघून मायताला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. तो आणखी मोठ्याने म्हणाला, "मना!" आणि पुन्हा एकदा. गास्पारने तीन खेपा लिहून घेतल्या, तीन दिवसांच्या, आणि खाली मायताकडून सहीची म्हणून फुली काढून घेतली.

काय विचारतेस पोरी? मान का नाही हलवली? हलवली असेल. लिहिणाऱ्याचं लक्ष कागदाकडे असतं.

मायता त्या दिवशी फार खूश होता असं सांगतात. आपला नकार राजाच्या कागदावर चढला म्हणून त्याने गावाला मक्याची दारू पाजली. तिका एकटी प्यायली नाही. ती म्हणाली, "मामंजी, नकार ऐकून हसत जाणारा साहेब मी बघितला नाही. लामांचे कळप सोडायचे आणि आजच वरच्या गुहा गाठायच्या."

"तुला काय कळतं? कागद आहे तो," मायता म्हणाला. "कागद घोडेस्वारालाही थांबवतो."

वर गुहा होत्या. सगळं गाव मावलं असतं. कोणी गेलं नाही.

सकाळी शिपाई आले. दर सातांतला एक बाप्या दोरीला बांधला. मायता आडवा गेला आणि ओरडायला लागला, "मना! मना!"

शिपाई म्हणाला, "हो रे बाबा, मन्याना पण येणारच आहे." आणि त्याने फुली दाखवली.

पहिली खेप गेली. उरलेल्यांना पहाऱ्यात लामांच्या वाड्यात कोंडलं. दुसऱ्या दिवशी दुसरी खेप. तिसऱ्या दिवशी अंको. बापाने दोनदाच नाही म्हटलं असतं तर पोरगा राहिला असता. नक्की कळावं म्हणून तिसऱ्यांदा म्हणाला.

तिकाने दोरी धरली आणि हाताच्या खुणेने विचारलं, कधी सोडाल? शिपाई म्हणाला, "मन्याना." तोवर गावाला त्या शब्दाचा अर्थ कळला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडायला बायका धारेवर चढल्या. तिथून खाणीची वाट दिसते. कोणी आलं नाही. त्या पुन्हा चढल्या. मग उतरेनाशा झाल्या. गारठ्याने आधी पाय दगड झाले म्हणे, मग बाकीच्या.

मायता शब्द बदलून घ्यायला जिल्ह्याला गेला. तिथे सांगितलं, कागद लिमाला गेला. तो परतला आणि डोंगराच्या वाटेवर पालथा पडला. ती आडवी शिळा म्हणजे तो. वर जायचं तर त्याच्यावर पाय द्यावा लागतो. द्या खुशाल. आम्ही देतो.

मग राजा गेला, व्हाइसरॉय गेला. आता प्रजासत्ताक आहे, राष्ट्राध्यक्ष आपण निवडतो. मीही बोटाला शाई लावून येतो. पण आजही दगड तिथेच आहेत, आणि आजही आम्ही कचेरीत जातो. गावात शाळेची इमारत आहे. मास्तर नाही, सहा वर्षं झाली. नातीला पुढं शिकायचंय. मास्तर मिळाला नाही तर ती लिमाला धुणीभांडी करायला जाणार, असं घरात ठरलं होतं. गेल्या आठवड्यात मी शेवटचा गेलो. खुर्चीवरचा माणूस आमच्याच भागातला. अर्ज न उघडताच म्हणाला, "मन्याना, आजोबा."

घरी म्हातारी चुलीपाशी बटाटे सोलत होती. तिने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "मना."

तिने सुरी ठेवली आणि नातीचे कपडे बांधायला घेतले.