झाळलेला फ्लोट

“ते ऐकलं. पण बदललं नाहीस ते काय?”

बाबालाल वस्तादांनी हे विचारलं, तेव्हा विश्वजित सरनोबत बदललेल्या गोष्टींची जंत्री वाचत होता. नवी सुई, सुईची नवी बैठक, नवे गॅस्केट. पेट्रोलचा पंप नवा, तोही कमी दाबाचा. पेट्रोलची नळीसुद्धा नवी...

“विश्वा, नवं काय ते डोळ्यांना दिसतंय. जुनं काय ठेवलंस ते सांग.”

विश्वजितने जंत्री आवरती घेतली.

उद्यमनगरातल्या याच गाळ्यात तो वस्तादांच्या हाताखाली घडला होता. इथूनच बाहेर पडून त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवावीत तर सरनोबतांनीच, असं पार बेळगावपर्यंत लोक म्हणायला लागले. लोक म्हणायला लागल्यापासून तो या गाळ्याकडे फिरकला नव्हता. आज आला होता तो गरजेपोटी.

गरज दारातच उभी होती. दोन दारांची जुनी गाडी, इंजिन मात्र शर्यतीसाठी वाढवलेलं, त्यावर दोन तोंडांचा परदेशी कार्ब्युरेटर. गाडी चालू केली की कार्ब्युरेटर पेट्रोल ओकायचा. मागून काळा धूर, प्लग ओलेचिंब, आणि जरा वेळात इंजिन गुदमरून बंद. गुरुवारी चाचणीच्या वेळी तेच पेट्रोल तापलेल्या पाइपवर सांडलं आणि बॉनेटखाली भडका उडाला. गाडी चालवत होती विश्वजितची धाकटी बहीण, रेवती. बॉनेट उघडायला गेली आणि एक भुवई करपून बसली. तेवढ्यावर निभावलं.

रविवारी घाटातली चढशर्यत होती. याच गाडीत तीच बसणार होती.

आत्ताही ती चालकाच्या सीटवरच होती. पाय दाराबाहेर सोडून कागदातलं भडंग खात होती.

“वस्ताद, तो नाही सांगायचा. मी सांगते,” ती म्हणाली. “फ्लोट बदललेला नाही.”

“फ्लोटला काही झालेलं नाही,” विश्वजित फटकन म्हणाला. “बारीक भोक पडलं होतं. ते मी कथलानं झाळलंय.”

“तू स्वतः?” वस्तादांनी विचारलं.

“स्वतःच्या हातानं.”

“मग त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? बरोबर आहे तुझं.”

हे म्हणताना वस्तादांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. विश्वजितला ते खरंच वाटलं. आपल्याकडे चौकश्या होतात त्या अशाच. सुई दोषी, पंप दोषी, पेट्रोलात भेसळ. चौकशी करणाऱ्याचा हात तेवढा गंगेत धुतलेला.

वस्तादांनी कानावरची विडी काढून बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली. “उघड,” ते म्हणाले.

विश्वजितने कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं आणि फ्लोट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. पितळी पत्र्याचा, आतून पोकळ, लिंबाएवढा. घरच्या टाकीत पाणी चढलं की बॉल वर येतो आणि नळ बंद करतो. कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट तेच करतो. पेट्रोल चढलं की वर येतो, सुई दाबतो आणि पेट्रोल थांबवतो.

वस्तादांनी तो कानाशी नेऊन हलवला.

“आत काही वाजत नाही,” विश्वजित म्हणाला. “थेंबभर पेट्रोलसुद्धा शिरलेलं नाही. गरम पाण्यात बुडवूनही बघितलंय. एक बुडबुडा आला नाही.”

“मी कुठं काय म्हणतोय?”

वस्तादांनी फ्लोट उजेडात धरला. झाळलेल्या जागी कथलाचा गोल, गुळगुळीत डाग चकाकत होता. एखाद्या सोनाराने लावावा तसा.

“झाळण नंबरी आहे,” ते म्हणाले. “हे मला नसतं जमलं.”

विश्वजितची छाती फुलली. वस्तादांच्या तोंडून एवढं ऐकायला त्याने उमेदीची सगळी वर्षं घालवली होती.

“मग दोष कार्ब्युरेटरच्या बनावटीतच आहे, वस्ताद. तुम्ही एकदा तसं म्हणालात की मी शर्यतीच्या क्लबात सांगायला मोकळा. तुमच्या शब्दापुढं कोण बोलणार?”

“वा!” रेवती म्हणाली. “म्हणजे मी पेटले तर बनावट पेटली म्हणायचं.”

“तू गप्प बस गं.”

“गप्पच बसते की. भुवई गेली तरी कुठं काय बोलले?”

वस्ताद उठले. मागच्या भिंतीला एक मोडका कार्ब्युरेटर खुंटीला टांगलेला होता, याच जातीचा. त्यांनी त्यातला फ्लोट काढला.

“तोच बसवा ना मग,” रेवती म्हणाली.

“ह्याचा कान तुटलाय, पोरी. अडकवायचा कसा?”

त्यांनी पत्र्याच्या थाळ्यात पेट्रोल ओतलं. आधी जुना फ्लोट सोडला, मग त्याच्या शेजारी विश्वजितने झाळलेला. आणि दोन्ही हात मागे घेऊन उभे राहिले.

“बघ,” ते म्हणाले.

विश्वजितने बघितलं. दोन्ही फ्लोट तरंगत होते. काय बघायचं?

...

जुना निम्मा वर होता. झाळलेल्याची फक्त पाठ दिसत होती. डोहात डुंबणाऱ्या म्हशीसारखी.

...

पलीकडच्या गाळ्यात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“गळत तर नाही,” विश्वजित म्हणाला. आवाज आता खाली आला होता.

“कुठं गळतंय? अजिबात नाही.”

“तरंगतोय पण.”

“तरंगतोय की. खोल बसून तरंगतोय. तो सुईपर्यंत पोचेस्तोवर पेट्रोल काठावर येतंय.” वस्तादांनी फ्लोट बोटाने हलकेच दाबून सोडला. “भोक केवढं होतं?”

“टाचणीच्या टोकाएवढं.”

“आणि कथलाचं वजन एवढं?”

विश्वजितने खाली बघितलं. “सुटू नये म्हणून, वस्ताद. गाडीत रेवती बसणार होती. दुसरं कुणी असतं तर एवढं नसतं घातलं. जरा जास्तच काळजी घेतली.”

“दिसतेय की काळजी,” वस्ताद म्हणाले. “तिच्या भुवईवर दिसतेय.”

रेवतीचा हात भुवईकडे गेला. हसू आलं होतं, पण दादाचं तोंड बघून तिने ते भडंगाबरोबर गिळलं.

वस्तादांनी फ्लोट पुसून कोरडा केला आणि बारीक कानस विश्वजितच्या पुढे ठेवली.

विश्वजितने ती लगेच उचलली नाही. स्वतःचं सगळ्यात चांगलं काम स्वतःच्या हाताने खरवडायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“किती काढू?”

“भीती वाटेपर्यंत.”

तो घासायला बसला. चकाकणारा डाग आधी मळला, मग चपटा झाला. कथलाचा चुरा मांडीवरच्या फडक्यात पडत राहिला. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

“वस्ताद, आणखी काढलं तर सुटेल.”

“वाटली भीती?”

“वाटली.”

“आता हळू घास.”

आता त्याची कानस पत्र्याला जेमतेम टेकत होती. दोनदा फिरवायची, बोटाने चाचपायचं, पुन्हा फिरवायची. भोकावर कथलाचा पातळ पापुद्रा तेवढा उरला, दिसायला अगदी ओबडधोबड, तेव्हा वस्तादांनी हात पुढे केला.

गरम पाण्यात बुडबुडा आला नाही. थाळ्यात सोडला तर फ्लोट जुन्याच्या बरोबरीने वर आला.

विश्वजितने कार्ब्युरेटर जोडला. रेवतीने पाय आत घेऊन किल्ली फिरवली. इंजिन दोनदा शिंकलं आणि लागलं. काळा धूर आला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. विश्वजित बॉनेटवर ओणवा होऊन कार्ब्युरेटरच्या कडेने बोट फिरवत राहिला. बोट कोरडं होतं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा फिरवलं. कोरडंच.

इंजिन संथ लयीत चाललं होतं. कित्येक दिवसांत असा आवाज कुणी ऐकला नव्हता. रेवतीने ते बंद केलं आणि ती खाली उतरली.

“वस्ताद, मग रविवारी बसू ना मी?”

“दादाला विचार. इंजिन त्यानं जुळवलंय.”

रेवती वळली. “काय रे दादा?”

विश्वजितने तोंड उघडलं. उत्तर जिभेवर तयार होतं, गेली कित्येक वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच तर देत आला होता. त्याने हातातल्या फडक्यातला चुरा पाहिला. मग बहिणीकडे पाहिलं. एका डोळ्यावर भुवई होती, दुसऱ्यावर तपकिरी ओरखडा.

“मला... नक्की सांगता येत नाही,” तो म्हणाला. “उद्या मी घाटात नेतो. चढावर तापवतो, वळणांवर हिसके देऊन बघतो. परत आल्यावर पुन्हा उघडतो. मग सांगेन.”

“आणि तेव्हाही नक्की नसेल तर?”

“तर तू बसणार नाहीस.”

“झालं!” रेवतीने भडंगाचा कागद चुरगाळला. “सकाळपर्यंत ह्याला सगळं नक्की होतं. आता गाडी नीट झाली तर ह्यालाच नक्की नाही. वस्ताद, तुम्ही सांगा. तुमचा हात फिरलाय म्हटल्यावर मी डोळे झाकून बसेन. तुम्हाला काय वाटतं?”

वस्ताद हात पुसत होते.

“मला?” ते म्हणाले. “मला तर एकदम नक्की वाटतंय. म्हणून माझं ऐकू नकोस.”